रेडिओचं बटण कुणाच्या हातात

मी मुद्रितशोधक आहे. पुण्यात घरी बसून पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची प्रुफं तपासते. या कामाचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि गणपतीत ऐन भरात येतो. घरात प्रुफांचे गठ्ठे असतात तेव्हाच चौकात मांडव असतो आणि मांडवात स्पीकर. ढोल-ताशाच्या दणक्यात तुम्ही वाचता कशा, असं ओळखीचे लोक कळवळून विचारतात. पण ढोल मला तितका अडवत नाही. जुलैपासून नदीपात्रात पथकांचा सराव चालतो, एकच ठेका संध्याकाळभर येत राहतो आणि थोड्या वेळानं मन त्याची दखल घेणं सोडून देतं. मला अडवतं ते गाणं. समोरच्या घरात हळू आवाजात लावलेलं, गोड, ओळखीचं, शब्दांचं गाणं. एखादं जुनं भावगीत सुरू झालं की डोळे ओळीवरून सरकतात, ‘परिस्थिती’ची ‘परीस्थिती’ झालेली समोर दिसत असते, तरी नजर तिच्यावर ठरत नाही. मग त्या परिच्छेदावर पुन्हा पहिल्यापासून यायचं.

हे माझ्या एकटीच्या स्वभावाचं नाही. मानसशास्त्रज्ञ यावर जवळजवळ अर्धशतक काम करत आहेत. १९७६ साली कोल आणि वेल्श या अमेरिकी संशोधकांनी लोकांना अक्षरांच्या छोट्या रांगा वाचून लक्षात ठेवायला सांगितल्या आणि त्याच वेळी त्यांच्या कानावर जर्मन मजकुराचं वाचन घातलं. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं. तरीही त्यांच्या आठवणीत घोळ झाला. नंतर ॲलन बॅडली आणि पिएरेट सालामे यांनी हाच प्रयोग संगीतावर केला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असं दिसलं, की आकड्यांचा क्रम लक्षात ठेवताना नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेलं संगीत जास्त त्रास देतं.

कारण समजायला सोपं आहे. आपण वाचतो, आकडे धरून ठेवतो, तेव्हा ते मनातल्या मनात उच्चारत असतो. ओठ हलत नाहीत, पण आतला आवाज चालू असतो. बाहेरून येणारे शब्द त्याच आतल्या आवाजाच्या वाटेवर येतात. कान मिटता येत नाहीत, त्यामुळे ते अडवायची सोय नसते. आणि गंमत म्हणजे आवाज किती मोठा आहे याला इथे फारसं महत्त्व नसतं. नीट ऐकू येण्याइतकं हळू गाणंही तेवढाच व्यत्यय आणतं. महत्त्व असतं ते ध्वनी क्षणोक्षणी किती बदलतो याला. वेल्समधल्या कार्डिफच्या निक पेरॅम यांच्या २०११ सालच्या प्रयोगात एकच आकडा पुन्हापुन्हा ऐकवला तेव्हा लोकांचं फारसं बिघडलं नाही. संगीतानं मात्र बिघडलं, आणि ते संगीत ऐकणाऱ्याच्या आवडीचं असो की नावडीचं, नुकसान जवळपास सारखंच होतं. नदीपात्रातला ढोल मला का चालतो आणि समोरचं भावगीत का चालत नाही, याचं उत्तर मला त्या प्रयोगात सापडलं. ज्या मुलांना आवडत्या गाण्यांशिवाय अभ्यास होत नाही असं वाटतं, त्यांच्या आईवडिलांनीही तो ध्यानात घ्यावा. गाणं आवडतं म्हणून मुलं अभ्यासाला बसतात हे खरं असेल, पण सनावळ्या आणि व्याख्या पाठ करायच्या असतील तेवढा वेळ तरी ते थांबवलेलं बरं.

मला हे सगळं वाचण्याआधीपासून माहीत होतं, ते माझ्या वडिलांमुळे. अण्णा शिंपी होते. साताऱ्यात त्यांचं छोटं दुकान होतं, फळीवर रेडिओ आणि रेडिओवर दिवसभर विविध भारती. गिऱ्हाईक आलं की अण्णा गळ्यातला टेप हातात घेत आणि आधी रेडिओचं बटण फिरवून आवाज अगदी बारीक करत. छाती, कंबर, बाही, गळा, उंची असे आकडे एकामागून एक मनात धरायचे आणि मग वहीत उतरवायचे, हे काम ते गाण्यात कधी करत नसत. कापड टेबलावर पसरून खडूनं आखताना, कात्री चालवतानाही तेच. “आकडे बसू दे, मग गाणं,” असं म्हणायचे. कापलेले तुकडे घेऊन ते पायमशीनवर बसले, की बटण पुन्हा उलटं फिरे. लांबच्या लांब सरळ शिलाई मारायची, तुरपाई करायची, काज करायचे, तेव्हा दुकानात गाणं हवंच. ते सोबत गुणगुणत, मशीनचा पाय त्याच चालीत पडे. दुपारी रेडिओवर बातम्या लागल्या की त्यांना करमत नसे.

मला वाटतं, कामाच्या वेळी गाणं ऐकावं की नाही, या प्रश्नाचं निम्मं उत्तर अण्णांच्या त्या बटणात होतं. एका माणसाच्या एकाच दिवसात, एकाच सदऱ्यावर, गाणं नडणारं काम असतं आणि गाण्यावाचून अडणारंही असतं. सगळ्या कामांची मिळून एकच सरासरी काढली की हाती काही लागत नाही. २०११ साली कॅम्फे आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एकूण परिणाम शून्याच्या आसपासच निघाला. वाचनाला तोटा, स्मरणाला किंचित तोटा, मन प्रसन्न व्हायला आणि खेळ-व्यायामाला फायदा. बेरजेत सगळं एकमेकांना खाऊन गेलं.

हाताच्या कामाला संगीत लावायचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये १९३७ साली वायट आणि लँगडन यांनी कारखान्यांतल्या एकसुरी कामाच्या कंटाळ्याचा अभ्यास केला होता आणि संगीतानं उत्पादन वाढतं असं नोंदवलं होतं. २३ जून १९४० रोजी बीबीसीनं ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, मध्ये निवेदकाची बडबड जवळजवळ नाही, सलग सुरावटी. दारूगोळ्याच्या, विमानांच्या कारखान्यांत तो कर्ण्यांवरून ऐकवला जाई. कार्यक्रम आखणाऱ्यांनी सुरावटी फार विचारानं निवडल्या होत्या. यंत्रांच्या आवाजात हरवेल असं संगीत नको, पेंग आणणारं नको, आणि ठेका फार जोरकस असलेलंही नको. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ या लोकप्रिय गाण्याला बंदी होती, कारण त्यात टाळ्यांच्या जागा आहेत आणि त्या जागांवर कामगार हातातली अवजारं यंत्रांवर आपटत. युद्ध संपलं, पण कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला.

हे वाचताना मला शंभर-सव्वाशे वर्षं मागची एक यादी आठवते. मँचेस्टरजवळ टिल्डस्ली इथल्या सूतगिरणीच्या कामगारांनी १८२३ साली संपाच्या वेळी दंडांची यादी छापून प्रसिद्ध केली होती. खिडकी उघडी सापडली तर एक शिलिंग. अंग धुताना सापडला तर एक शिलिंग. शीळ घालताना ऐकू आलं तर एक शिलिंग. ज्या देशात शीळ घातली म्हणून मजुरी कापली जात होती, त्याच देशात पुढे सार्वजनिक नभोवाणी कामगारांना गाणी ऐकवू लागली. मला यात आनंद वाटतो, पण पूर्ण समाधान वाटत नाही. शीळ कामगाराची स्वतःची होती. कर्ण्यातलं गाणं कुणीतरी त्याच्यासाठी ठरवलेलं होतं. अमेरिकेतल्या म्युझॅक कंपनीनं तर पुढे कारखान्यांना आणि कचेऱ्यांना मोजूनमापून संगीत विकलं. पंधरा मिनिटं हळूहळू जोर चढत जाणाऱ्या सुरावटी, मग तितकाच वेळ शांतता, पुन्हा तेच. त्यात बसलेल्या टंकलेखिकेला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय ऐकावंसं वाटतं.

याच्या उलट उदाहरण क्यूबाचं आहे. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक माणूस उंच आसनावर बसून कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवू लागला. तंबाखूची पानं वळणाऱ्यांचे हात गुंतलेले, पण शब्दांची जागा मोकळी. त्या वाचकाचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत आणि काय वाचायचं यात त्यांचा शब्द चाले. सोलापूरच्या किंवा सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बायका पाहिल्या की कळतं, हे किती स्वाभाविक आहे. मांडीवर सूप, बोटं पानावर चाललेली, आणि कान टीव्हीवरच्या मालिकेकडे. विडीत चूक होत नाही. तीच बाई संध्याकाळी कारखान्यात मोजून विड्या देताना मात्र मालिका ऐकणार नाही.

आपल्याकडच्या जात्याचं मात्र याहून वेगळं. तिथे बाई ऐकत नसे, गात असे. खुंट्याची फेरी आणि ओवीची ओळ एकाच दमात जाई, आणि शब्दही तिचेच असत, म्हणजे भाऊ, माहेर, विठ्ठल, सासरचं दुःख. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. शेतातल्या भलरीचंही असंच, कापणीला सगळ्यांचे विळे एका चालीत पडायला ती हवी. या गाण्यांनी दळण किती टक्क्यांनी वाढलं, असा प्रश्न विचारणं मला अपमान वाटतो. पहाटेच्या अंधारात ते कष्ट सोसता यावेत म्हणून ती होती. गिरणी आली, जातं थांबलं, त्याबरोबर नव्या ओव्याही आटल्या.

आता कचेऱ्यांचं. कॅनडात टेरेसा लेसियुक यांनी चार कंपन्यांतल्या ५६ सॉफ्टवेअर अभियंत्यांचा काही आठवडे अभ्यास केला आणि तो २००५ साली प्रसिद्ध झाला. लोकांना हवं ते संगीत हवं तेव्हा ऐकू दिलं. ज्या आठवड्यात संगीत काढून घेतलं, त्यात कामाचा दर्जा सर्वांत खाली गेला आणि कामाला वेळही जास्त लागला. हे वर सांगितलेल्या प्रयोगांच्या विरुद्ध वाटेल. मला तसं वाटत नाही. तिथे बटण कामगाराच्या हातात होतं. अवघड जागा आली की तो ते बंद करू शकत होता, कंटाळा आला की लावू शकत होता, म्हणजे अण्णा करत तेच. आणि ज्याची सवय जडली ते काढून घेतलं की मन खट्टू होतंच.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. तिच्या कचेरीत एकाच लांबलचक खोलीत पन्नासेक माणसं बसतात, आजूबाजूला फोनवर बोलणं चालू असतं. ती म्हणते, “मावशी, गाणं नाही लावलं तर शेजारच्याची मीटिंग ऐकावी लागते.” तिचं म्हणणं रास्त आहे. शांतता हा पर्यायच नसेल तर निवड आवाजा-आवाजांत करायची असते, आणि सगळ्यात वाईट आवाज म्हणजे कळणारं बोलणं. मी तिला तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून बघायला सांगितलं. षड्ज-पंचम तासभर तसाच वाजत राहतो, त्यात बदलणारं फार थोडं असतं, आणि शेजारचं बोलणं त्याच्याखाली झाकलं जातं. तिला ते मानवलं. अहवाल लिहिताना तानपुरा, नुसते तक्ते भरताना सिनेमाची गाणी, अशी तिनं वाटणी केली आहे.

मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते, ही समजूत आपल्याकडेही पसरली, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. १९९३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते. त्यांनी दहा मिनिटं संगीत ऐकलं, ते थांबल्यावर आकृत्यांची कोडी सोडवली, आणि जो फायदा दिसला तो पंधरा मिनिटांत ओसरला. बाळांचा त्यात संबंध नव्हता. काम चालू असताना संगीत ऐकण्याचाही नव्हता. त्यातून उपयोगी पडतं ते एवढंच, की कामाला बसण्याआधी मन उल्हसित करणारं काही ऐकावं. मी सकाळी चहाबरोबर ऐकते आणि प्रूफ उघडण्याआधी बंद करते. मल्लिकार्जुन मन्सूर मी कधीच कामाच्या मागे लावत नाही, अगदी पार्सलांवर पत्ते चिकटवतानाही नाही. कामावर गाण्याचा काय परिणाम होतो हे सगळे विचारतात, गाण्यावर कामाचा काय परिणाम होतो हे कुणी विचारत नाही. अर्ध्या कानानं ऐकलेला ख्याल ऐकलाच गेलेला नसतो.

प्रुफं तपासून झालेली पुस्तकं पुढे बायंडिंगला जातात. ज्या बायंडिंगखान्यात माझं जाणं-येणं आहे, तिथे छापील फर्म्यांना घड्या घालणाऱ्या आणि ते क्रमानं लावणाऱ्या बायका एका फोनवर गाणी लावतात. कुणाचं गाणं लागणार यावरून पूर्वी तिथे कुरबुर होई, आता वार वाटून घेतले आहेत. एकीच्या वारी लावणी, एकीच्या वारी शिंद्यांची भीमगीतं, एकीच्या वारी अभंग. मालक त्यात पडत नाही. कटिंग मशीनचं पातं खाली यायची वेळ झाली की मशीनवरचा माणूस हात वर करतो आणि वार कुणाचाही असो, फोन थांबतो. कापणी झाल्यावर गाणं जिथे तुटलं तिथूनच पुन्हा सुरू व्हायला हवं, असा त्या बायकांचा आग्रह असतो आणि तो माणूस तो पाळतो.