केकमधली पपई, बाटलीतला बदाम

घरी केलेल्या केकच्या तुकड्यात जे लाल, हिरवे, पिवळे चौकोन चमकतात ती चेरी नसते, किवी नसते, अननसही नसतो. ती कच्ची पपई असते. शहाडच्या कुठल्याही किराणा दुकानात पाकिटातून मिळणारी टूटीफ्रूटी म्हणजे हिरव्या, जवळपास बेचव पपईच्या साखरेत मुरवलेल्या रंगीत फोडी. हे पहिल्यांदा कळलं की फसवल्यासारखं वाटतं. पण ती फोड कशी तयार होते हे समजलं की मला तरी त्या पपईबद्दल आदरच वाटू लागतो.

पपई कच्चीच का घ्यायची? फळाच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे. पिकताना फळातली विकरं हे पेक्टिन तोडत जातात आणि गर मऊ पडतो. कच्च्या पपईत ते शाबूत असतं. तिच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवल्या की चुन्यातलं कॅल्शियम आत शिरतं आणि पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. मग फोडी उकळल्या तरी विरघळत नाहीत. आग्र्याचा पेठा करताना कोहळ्यालाही चुनाच लावतात, तो याच कारणासाठी.

यानंतरचं काम सावकाशीचं. फोडी एकदम दाट पाकात टाकल्या तर आतलं पाणी भराभर बाहेर येतं, साखरेला आत शिरायला तेवढा वेळ मिळत नाही आणि फोड सुरकुतते. म्हणून आधी पातळ पाक, मग थोडा दाट, मग आणखी दाट. पाणी बाहेर पडत जातं, साखर आत येत जाते. शेवटी पाकात सत्तर टक्क्यांच्या आसपास साखर असते. एवढ्या साखरेत बुरशीला किंवा जिवाणूंना वापरता येईल असं पाणी जवळपास उरतच नाही. आजीचा मोरावळा वर्षभर टिकतो तो ह्याच न्यायाने.

फोडीचा आकार टिकवण्यात पेक्टिनला साथ असते सेल्युलोजची, आणि शहाडकरांना हे नाव परकं नसावं. 1956 पासून इथल्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून द्रवात आणतात, बारीक छिद्रांतून आम्लात सोडतात आणि त्याचा धागा ओढतात. पपईच्या प्रत्येक पेशीची भिंत त्याच सेल्युलोजची. जे विरघळवायला कारखान्यात इतकी रसायनं लागतात, ते 180 अंशांच्या ओव्हनला काय दाद देणार! फोड चौकोनी आत जाते, चौकोनीच बाहेर येते.

पपईची चव गेली, आकार राहिला. बदामाची गोष्ट याहून विलक्षण आहे.

आपल्या रस्त्यांवर जे बदामाचं झाड असतं, ज्याची पडलेली फळं मुलं दगडाने फोडतात, त्याचा खऱ्या बदामाशी काही संबंध नाही. खऱ्या बदामाचे भाऊबंद म्हणजे पीच, आलुबुखार आणि जर्दाळू. जर्दाळूची बी फोडली की आत छोट्या बदामासारखा गर निघतो आणि तो कधीकधी कडू लागतो. रानटी बदाम तसाच कडू असे. त्यात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. बी चावली की त्याचे तुकडे होतात: साखर, हायड्रोजन सायनाइड आणि बेंझाल्डिहाइड. सायनाइड हे विष. बेंझाल्डिहाइड मात्र सुगंधी, आणि ज्याला आपण बदामाचा वास म्हणतो तो वास त्याचाच.

हजारो वर्षांपूर्वी कुठेतरी काही झाडांत एका जनुकात बदल झाला आणि बीमध्ये अमिग्डालिन साठणं थांबलं. हा बदल नेमका कोणत्या जनुकातला, हे संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिलं. माणसाने गोड बियांची झाडं निवडून लावली. विष गेलं, पण त्याच्यासोबत जन्मणारा सुगंधही जवळपास गेला. म्हणून गोडा बदाम नुसता हुंगून पाहा, फारसा वास येतच नाही. केकमध्ये आपण बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब टाकतो, तेव्हा माणसाने बदामातून घालवलेला वास बाटलीतून परत आणत असतो! बाटलीतलं हे बेंझाल्डिहाइड आता टोल्युइनसारख्या रसायनापासूनही तयार होतं आणि त्यात सायनाइड नसतं.

केकवर पेरलेल्या बदामाच्या कापांचा खमंग वास मात्र निराळा. तो भाजताना, प्रथिनं आणि साखर यांच्या संयोगातून जन्मतो. आणि बदामाची पूड पिठात घातली तर केक ओलसर का राहतो? बदामात निम्मी चरबी असते आणि मैद्यासारखा चिवटपणा आणणारं ग्लूटेन मुळीच नसतं. मैद्याचा चौथा हिस्सा काढून तेवढी पूड घालून पाहा. मिक्सर सलग फिरवू नका, नाहीतर तेल सुटून लगदा होईल. कृतीतलीच थोडी साखर सोबत घालून थांबत थांबत फिरवा.

आता फोडी तळाला का बसतात ते पाहू. भांडं तापलं की आधी लोणी वितळतं आणि पीठ पातळ होतं. स्टार्च फुगून पीठ घट्ट धरतं ते नंतर, शिवाय साखरेमुळे त्याला आणखी उशीर होतो. या मधल्या वेळात फोडी खाली सरकतात. दाट द्रवात फोड अर्ध्या आकाराची केली तर बुडण्याचा वेग साधारण चौथाई होतो. म्हणून बारीक चिरणं आणि पीठ घट्टसर ठेवणं, यांनीच खरं काम होतं. मैद्यात घोळवल्याने फोडीवरचा चिकट पाक टिपला जातो, एवढाच त्याचा आधार.

लोणी आणि साखर मन लावून फेटायची तीही उगाच नाही. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करत नाही, फेटताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांनाच फुगवते. फेटण्यात कंटाळा केला तर पावडर वाढवून काही साधत नाही.

ओव्हन नसला तरी अडत नाही. कितीतरी मराठी घरांत पहिला केक कुकरमध्येच झाला. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड, त्यावर भांडं. वाफ कोंडत नाही, त्यामुळे दाब चढत नाही. वाळू ज्योतीची आच पसरवते. झाकण मात्र तळाइतकं तापत नाही, म्हणून असा केक वरून फिकट आणि खालून गडद होतो. केकच्या मधल्या भागात पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभर अंश ओलांडत नाही. तांबूस रंगाला याहून बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून तो फक्त कडांना चढतो.

झालेला केक फ्रिजमध्ये ठेवण्याची घाई करू नका. थंडीत स्टार्च लवकर आवळतो आणि केक कोरडा, घट्ट लागतो. साधा, क्रीम नसलेला केक पूर्ण गार झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापा. पावसाळ्यात शहाडच्या दमट हवेत मात्र तो दोन दिवसांत संपवलेला बरा. फोडीतल्या पपईचं रक्षण तिची साखर करते. भोवतीच्या केकमध्ये तेवढी साखर नसते.