देठासह फूल

लेखांक सहावा

मागील लेखांकात झेंडूच्या रोपांची तजवीज पाहिली. आज फूल झाडावरून उतरल्यानंतर त्याचे आयुष्य कसे वाढवावे आणि मुळात कापणीसाठी म्हणून कोणते फूल लावावे, या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करावयाचा आहे; कारण टिकाऊपणाचा अर्धा निर्णय लागवडीच्या दिवशीच होऊन गेलेला असतो.

धाराशिव जिल्ह्यातील फुलांचा व्यवहार तुळजाभवानीच्या पंचांगाभोवती फिरतो. भाद्रपद वद्य अष्टमीस देवी मंचकी निद्रेस जाते, आश्विन शुद्ध प्रतिपदेस सिंहासनारूढ होऊन घटस्थापना होते, सीमोल्लंघनानंतर पुन्हा निद्रा, कोजागरीस पुन्हा सिंहासन आणि पुढे पौषात शाकंभरी नवरात्र. अशा या क्रमाला धरून झेंडू, शेवंती, गलांडा ही फुले तुळजापुरात येतात आणि वजनावर विकली जातात. परंतु हे फूल खुडले जाते ते अगदी मानेपाशी. ज्या फुलाला देठ नाही त्याला पाणी पिण्याचा मार्गच उरत नाही. ते गोणपाटात ओले ठेवावे तर आतल्या आत तापते, उघडे ठेवावे तर सुकते, आणि म्हणून दसऱ्याला तोलून नेलेला झेंडू दुसऱ्या दिवशी बांधावर टाकण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. विहिरीचे पाणी बेताचे, बागाईत चार-सहा गुंठ्यांची आणि जिराईत बाकीची, अशा स्थितीतील कुटुंबाने हाराला सुटे आणि फुलदाणीला देठासह, अशा दोन्ही बाजारांत चालणारे फूल निवडावे, असे माझे ठाम मत आहे.

देठासह कापलेल्या फुलाचे प्राण जलवाहिन्यांत असतात. झाडावर असताना पानापाकळ्यांतून होणाऱ्या बाष्पीभवनाच्या ओढीने पाणी त्या सूक्ष्म नळ्यांतून अखंड वर खेचले जात असते. देठ कापताच हा स्तंभ तुटतो आणि नळीच्या तोंडाशी हवा शिरते. पुढे देठ पाण्यात ठेवला तरी त्या हवेच्या बुडबुड्यामुळे पाणी वर चढत नाही, आणि भरल्या भांड्यात गुलाबाची मान खाली पडते. यावर उपाय साधा आहे. घरी आणल्यावर देठाचे टोक बादलीतील पाण्यात बुडवावे आणि पाण्याखालीच, धारदार सुरीने, बोटभर वर तिरपा काप द्यावा. कात्री बोथट असेल तर नळ्या चेचल्या जातात. पाणी उकळून कोमट केलेले असल्यास अधिक चांगले, कारण त्यात विरघळलेली हवा कमी असते. आपल्याकडील पुष्कळ बोअरचे पाणी जड असते; घरी साठवलेले पावसाचे पाणी असेल तर फुलांसाठी तेच वापरावे.

दुसरा शत्रू जंतूंचा. पाण्यात बुडालेले पान कुजते, जंतू वाढतात आणि देठाचे तोंड बुळबुळीत होऊन बंद होते. म्हणून पाण्याखाली येणारी सर्व पाने काढून टाकावीत, भांडे राखेने किंवा साबणाने घासलेले असावे आणि पाणी रोज बदलावे. एक लिटर पाण्यात चहाचे दोन चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि कपड्यांच्या ब्लीचचे काही थेंब घातले तर साखर पाकळ्यांना पोसते, आम्लामुळे पाणी सहज चढते आणि जंतूंनाही आळा बसतो. नुसती साखर मात्र कधीही घालू नये. ती फुलाआधी जंतूंच्या उपयोगी पडते. फुलदाणी आढीतल्या आंब्यांजवळ किंवा केळ्यांच्या घडाजवळही ठेवू नये, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू पुष्कळ फुलांना अकाली म्हातारपण आणतो.

कापणीची वेळ पहाटेची. रात्रभरात झाड पाण्याने तुडुंब भरलेले असते; आपल्या बालाघाटाच्या पठारावर सकाळचे नऊ वाजले की वारा कोरडा होतो आणि ती संधी हातची जाते. कापताना बादली बांधावर नव्हे, सरीतच सोबत असावी.

निवडीत पहिला मान मी निशिगंधाला देतो. एप्रिल-मेमध्ये लावलेले कंद पावसाळ्यात दांडे देऊ लागतात आणि एकदा लावलेले पीक सुमारे तीन वर्षे ठेवता येते. एकेरी जातीची फुले हारासाठी व सुगंधासाठी, दुहेरी जातीचे दांडे फुलदाणीसाठी. खालची दोनतीन फुले उमलली की दांडा कापावा आणि घरात आणल्यावर खालची कोमेजलेली फुले रोज काढीत जावीत, म्हणजे वरच्या कळ्या उमलत राहतात. त्याखालोखाल अष्टर. पुण्याच्या गणेशखिंड येथील संशोधन केंद्राने दिलेल्या ‘फुले गणेश’ मालिकेतील पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या जाती सुट्या फुलालाही चालतात आणि जुडीलाही. अष्टर पूर्ण उमलल्यावर, तर ग्लॅडिओलस खालच्या एकदोन कळ्यांना रंग चढताच कापावा. ग्लॅडिओलसचे दांडे आडवे ठेवले तर शेंडे वर वळून वाकडे होतात, म्हणून ते नेताना उभेच ठेवावेत. शेवंती रात्री लांबू लागल्यावर कळ्या धरते, तिला घाई करून उपयोग नाही. जरबेऱ्यासाठी हरितगृहाचा खर्च लागतो. त्याच्या वाटेला भांडवल नसलेल्याने जाऊ नये.

आपल्या कोरड्या हवेचा तोटा सांगितला, तसा तिचा एक लाभही सांगितला पाहिजे. विटांच्या दोन समांतर भिंती, मधल्या चार बोटे फटीत वाळू, वर गवताचे झाकण, आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ भिजविणे, एवढ्या सामग्रीवर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने जो विजेवाचून चालणारा शीतकक्ष सिद्ध केला, तो कोकणच्या दमट हवेत फारसा उपयोगी पडत नाही. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात आतील हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ थंड आणि ओलसर राहते. बाजाराला निघण्यापूर्वीची एक रात्र फुलांनी अशा कक्षात, बादलीतील पाण्यात उभे राहून काढावी.

शेवटी एका अशा फुलाविषयी, ज्याला आपण फूल म्हणून मोजतच नाही. ज्वारीच्या रानात जनावरांना अटकाव म्हणून कडेने पेरलेली करडई माघाच्या सुमारास पिवळी फुलते आणि फूल जून होत जाते तसतशी केशरी-तांबूस होते. परदेशात हिचे दांडे फुलदाणीसाठी मुद्दाम पिकवितात, कारण ती वाळल्यावरही रंग टिकवून धरते. हिला वेगळे पाणी लागत नाही, खोल मूळ जमिनीतील ओल शोधून काढते. अडचण काट्यांची; ती टाळावयाची तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची ‘नारी ६’ ही बिनकाट्याची जात लावावी. बोंडावर रंग भरताच हातभर देठ ठेवून कापावे, पाने ओरबाडून काढावीत आणि दहाबारा दांड्यांची जुडी सुतळीने बांधून सावलीच्या, वारा खेळत्या पडवीत उलटी टांगावी. देठ मोडताना कडकन वाजू लागला की जुडी उतरवून कागदात गुंडाळावी.