घड्याळातलं टिंब म्हणजे दशांशचिन्ह नव्हे

सहावीतल्या मुलांना विचारा, अडीच तासांची मिनिटं किती? बहुतेक जण लगेच सांगतील, दीडशे. तीच मुलं वहीत ‘२.३० तास’ असं लिहिलेलं दिसलं की २.३० ला ६० ने गुणतात आणि १३८ मिनिटं असं उत्तर काढतात. मागच्या आठवड्यात शेजारची मुलगी अशीच वही घेऊन आली. १३८ च्या पुढे लाल शाईत बरोबरची खूण होती. तिच्या वडिलांनी मोबाइलवर गुणाकार करून दाखवला आणि म्हणाले, “बघा ना, १३८च येतात.”

गुणाकार बरोबरच आहे. घोटाळा त्याच्या आधी, टिंबाचा अर्थ लावताना झाला. गेली कित्येक वर्षं मी ही एकच चूक विद्यार्थ्यांच्या वह्यांत, पालकांच्या बोलण्यात आणि चक्क मार्गदर्शकांच्या पानांवर पाहतो आहे, आणि आता खरंच राग येतो. कारण ही चूक मुलांची नाही. मोठ्यांनी एकच खूण दोन कामांना वापरली आणि त्यातला फरक सांगायचा राहून गेला.

दशांशचिन्हाच्या उजवीकडे दहावे आणि शंभरावे भाग असतात. २.३० म्हणजे २ आणि एका तासाचे ३० शतांश. तासाचे ३० शतांश म्हणजे १८ मिनिटं. म्हणून २.३० तास दशांशात वाचले तर २ तास १८ मिनिटं होतात, आणि तेच ते १३८. घड्याळात ‘२.३०’ लिहितो तेव्हा टिंब फक्त तास एका बाजूला आणि मिनिटं दुसऱ्या बाजूला करतं. उजवीकडचे ३० हे साठावे भाग आहेत. ३० भागिले ६० म्हणजे ०.५, म्हणून अडीच तास म्हणजे २.५ तास. उलट दिशेनेही हीच गफलत होते: १.७५ तास म्हणजे १ तास ७५ मिनिटं असं सर्रास लिहिलं जातं. ०.७५ गुणिले ६० केलं की ४५ मिळतात, म्हणजे पावणेदोन तास.

वेळेत टिंब देण्याची पद्धत ब्रिटिश छपाईत जुनी आहे आणि आपल्या वर्तमानपत्रांत, दुकानांच्या पाट्यांवर ती आजही दिसते. ती मोडून काढा असं माझं म्हणणं नाही. पण गणिताच्या वहीत तरी आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे अपूर्णविराम वापरावा, १०:३० असा. आपल्या लग्नपत्रिका तर त्याहून चोख: ‘१२ वाजून ३५ मिनिटांनी’. त्यात कुणाचाही घोटाळा होत नाही.

‘एवढ्याशा टिंबाने काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक हिशोब. तासाला ८० रुपये मजुरी आहे आणि माणूस रोज साडेसात तास राबतो. हिशोबनीसाने ७.३० गुणिले ८० केलं तर ५८४ रुपये होतात. खरे होतात ६००. रोजचे १६, महिन्याच्या २६ दिवसांचे ४१६ रुपये त्या माणसाच्या खिशातून गेले, आणि कागदावरचा गुणाकार तपासला तर तो बरोबरच निघणार.

मुलांना हे समजावायला माझ्याकडे सगळ्यात चांगलं साधन आहे क्रिकेटचं. धावफलकावर १६.३ षटकं दिसली की आठ वर्षांच्या पोरालाही कळतं की १६ षटकं पूर्ण झाली आणि ३ चेंडू पडले. १६.५ नंतर एक चेंडू पडला की १७ होतात, १६.६ होत नाहीत, हेही त्याला ठाऊक असतं. मग विचारायचं: १६.३ षटकांत १३२ धावा, तर धावगती किती? १३२ ला १६.३ ने भागलं तर चुकलं. ३ चेंडू म्हणजे अर्धं षटक, म्हणून भागायचं १६.५ ने, आणि उत्तर येतं ८. षटकात ६ चेंडू, तासात ६० मिनिटं. एकदा हे पटलं की १ तास ४५ मिनिटं अधिक २ तास ३० मिनिटं यांची बेरीज कुणी ३.७५ करत नाही. ७५ मिनिटांतला एक तास उचलून पलीकडे देतात, ४ तास १५ मिनिटं.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग वेळही दशमान का केली नाही? केली होती. क्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, फ्रान्सने दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं आणि मिनिटाचे १०० सेकंद ठरवले. पण लोकांची घड्याळं आणि सवयी साठाच्या होत्या. ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही मापं आणली, त्याच कायद्याने दशमान वेळेची सक्ती स्थगित केली. साठाला २, ३, ४, ५, ६, १० आणि १२ ने पूर्ण भाग जातो, शंभराला ३ ने जात नाही. तासाचा तिसरा हिस्सा सरळ २० मिनिटं होतो. दशांशात तोच ०.३३३… असा संपतच नाही, म्हणून अशा उदाहरणात अपूर्णांक १/३ च ठेवावा.

साठाचा हिशोब आपल्याला परकाही नाही. पंचांगात ६० पळांची एक घटी आणि ६० घटींचा अहोरात्र. म्हणजे घटी २४ मिनिटांची आणि अडीच घटींचा तास. सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे हे आपले शब्द तर तबकडीकडे बघून केल्यासारखे आहेत. मुलाला आधी वेळ तोंडाने बोलायला लावा, मग लिहायला. ‘पावणेतीन’ म्हणणारं मूल २.४५ ला ६० ने गुणायला जात नाही.

आता लहानसहान गैरसमज. ‘२४ तासांच्या घड्याळासाठी दुपारनंतर १२ मिळवा’ हा नियम दुपारी १ पासून लागू होतो. दुपारचे १२:२० हे १२:२०च राहतात, रात्रीचे मात्र ००:२० होतात. ‘१२ ए. एम.’ आणि ‘१२ पी. एम.’ संदिग्ध आहेत, असं अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीही सांगते. सरळ मध्यान्ह किंवा मध्यरात्र लिहावं. १५ तारखेच्या ००:१० च्या गाडीसाठी घरातून १४ च्या रात्री निघायचं असतं. १५ च्या रात्री फलाटावर पोचलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. चार आठवड्यांचा महिना धरला तर वर्षाचे १२ महिने ४८ आठवड्यांतच संपतात. मोबाइलचं २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात १३ वेळा करावं लागतं ते यामुळेच.

‘दोन देशांच्या वेळेत नेहमी पूर्ण तासांचा फरक असतो’ हेही खरं नाही. ग्रिनिचच्या वेळेशी आपलाच फरक साडेपाच तासांचा, नेपाळचा पावणेसहा. पृथ्वी ३६० अंश २४ तासांत फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, साडेपाच तास. ही वेळ १ जानेवारी १९०६ ला लागू झाली. मुंबईचा रेखांश सुमारे ७२.७५. फरक पावणेदहा अंशांचा, म्हणून मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. मुंबईने ही ‘बॉम्बे टाइम’ हट्टाने जपली, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. वर्गात घालायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आणि परदेशी राहणाऱ्यांचा फरक वर्षभर सारखा राहत नाही. न्यू जर्सीतल्या मुलीला इथून रात्री ८ वाजता फोन केला, तर जानेवारीत तिथे सकाळचे ९:३० असतात आणि जुलैत १०:३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपली जागची हलत नाहीत.