विमानाखालची माणसे

अकोले तालुक्यात विमानतळ नाही. तेथे कळसूबाईचे शिखर आहे, भाताची खाचरे आहेत आणि भंडारदऱ्याचे धरण आहे. पण त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेरच्या पलीकडे काकडी या गावी शिर्डीचा विमानतळ आहे. तो १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला.

विमान म्हटले की तुम्हांला वैमानिक आठवतो. पण विमान जमिनीवर उभे असते तेव्हा त्याच्याभोवती किती माणसे राबतात! कोणी सामान चढवतो, कोणी इंधन भरतो, कोणी ट्रॅक्टरने विमान मागे ढकलतो. ही कामे धोक्याची आहेत. इंजिनाच्या आवाजाने कान कायमचे बधिर होऊ शकतात, म्हणून कामगार कानांवर संरक्षक साधने घालतात. विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा लुकलुकू लागला की इंजिन चालू आहे किंवा होणार आहे, असे समजून दूर राहायचे असते. चालू इंजिन समोरची हवा प्रचंड जोराने आत ओढते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाजवळ उभा असलेला एक तंत्रज्ञ असाच इंजिनात ओढला गेला व मरण पावला.

असा अपघात झाल्यावर कामगाराच्या घरच्यांनी काय करायचे?

पूर्वी याचे उत्तर फार कठीण होते. मालकाची चूक होती हे गरीब कुटुंबाने कोर्टात सिद्ध करावे लागे. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले, तेव्हा कामगारांसाठी नुकसानभरपाईचा वेगळा कायदाच नव्हता. तो १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. धरण पुरे झाले १९२६ मध्ये. आता या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली.

‘नुकसानभरपाई’ या शब्दातील ‘नुकसान’ तुमच्या उर्दूतलेच आहे. सगळ्या शब्दाला तुम्ही मुआवजा म्हणाल. या मुआवजाचे मुख्य सूत्र असे : काम करताना, कामामुळे अपघात झाला असेल, तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराने दारू प्यायली होती किंवा त्याने सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, असे मालक म्हणू शकतो. परंतु मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर ही सबब चालत नाही.

रक्कम कशी ठरते? समजा, अकोले तालुक्यातील तीस वर्षांचा एक तरुण विमानतळावर सामान चढवतो. त्याचा महिन्याचा पगार १२,००० रुपये आहे. अपघाती मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. तिसाव्या वर्षासाठी हा आकडा २०७.९८ आहे. म्हणजे ६,००० गुणिले २०७.९८, बरोबर १२,४७,८८० रुपये. चाळिसाव्या वर्षी आकडा १८४.१७ होतो, कारण कमावण्याची वर्षे कमी उरलेली असतात. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी निम्म्याऐवजी साठ टक्के पगार धरतात. आणि फक्त अंगठा गेला तर? कायद्याच्या तक्त्यात त्याची किंमत पूर्ण अपंगत्वाच्या ३० टक्के लावली आहे. आपल्या तरुणाला सुमारे ४ लाख ४९ हजार रुपये मिळतील. अंगठ्याला किंमत लावणे विचित्र वाटते खरे, पण तक्ता नसता तर प्रत्येकाला घासाघीस करावी लागली असती.

विमानतळावर पुष्कळ माणसे ठेकेदाराकडे कामाला असतात. ‘तो आमचा माणूस नाही’ असे मोठ्या कंपनीने सांगितले, तरी ती सुटत नाही. तिने भरपाई द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी, असा नियम आहे. मात्र कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर पैसे मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळतात.

मृत्यूच्या भरपाईची रक्कम मालकाने परस्पर कुटुंबाच्या हाती द्यायची नसते. ती सरकारी अधिकाऱ्याकडे भरावी लागते व तो वारसांना वाटून देतो. एक महिन्यात पैसे भरले नाहीत, तर त्यावर १२ टक्के व्याज चढते. कामगाराच्या बाजूनेही मुदत आहे : दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. त्यासाठी पगाराची चिठ्ठी, कामाचे ओळखपत्र, दवाखान्याचे कागद आणि वयाचा दाखला घरात जपून ठेवलेला असावा. ठेकेदार पगाराची चिठ्ठी देतच नसेल, तर ती आधीच मागून घ्यावी. अपघातानंतर ती मिळणे फार अवघड जाते.