चांगदेवांचे कोरे पत्र

आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो, वारकरी पंढरीचा निरोप घेतात, आणि त्याच दिवशी व्यासपूजाही असते. या गुरुपौर्णिमेच्या कीर्तनास आम्ही वर्षानुवर्षे चांगदेवांचे आख्यान लावीत आलो आहोत.

आख्यान वाचकांच्या परिचयाचे आहे. तापी-पूर्णेच्या संगमी तप करणारे, चौदाशे वर्षे जगले अशी ज्यांची आख्यायिका, ते योगिराज ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसले. वय पाहावे तर 'चिरंजीव' लिहावे. अधिकार पाहावा तर 'तीर्थरूप'. मायनाच ठरेना. अखेर कोरा कागद धाडला. तो पाहून धाकटी मुक्ताई म्हणाली, इतके जगूनही हे कोरेच राहिले! ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे या महायोग्याने त्या बालिकेस गुरू केले.

'कोरे' या शब्दाला श्रोते हमखास हसत. आम्हीही हसत असू.

1994 सालची गोष्ट. एक मुलगी वडिलांना घेऊन आमच्या दारी आली. तिला नारदीय कीर्तन शिकावयाचे होते, आणि त्यासाठी आधी संस्कृत. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. आम्ही तिला दोन सुभाषिते म्हणावयास लावली, चहा पाजला, आणि 'शास्त्राला धरून नाही' म्हणून वाटेला लावले. वडील काहीच बोलले नाहीत. तिने मात्र उंबऱ्यावरून मागे वळून विचारले, "मग मुक्ताबाईंचे काय?" आम्ही म्हटले, "त्या संत. त्यांची गोष्ट निराळी."

शास्त्र आम्हांस ठाऊक नव्हते, असे नाही. घोषा आणि लोपामुद्रा यांची सूक्ते ऋग्वेदात आहेत. जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारते, हे बृहदारण्यकात आम्हीच विद्यार्थ्यांना शिकविले. हारीताने तर ब्रह्मवादिनी स्त्रियांना उपनयन आणि वेदाध्ययन सांगितले आहे. पण नंतरच्यांनी 'ते पूर्वीच्या कल्पातले' म्हणून बाजूला सारले, आणि आम्हांस ते सोयीचे वाटले. खरे सांगावयाचे तर शास्त्राहून आमच्या वडिलांचा शब्द मोठा होता. आमच्या घरात गादीवर स्त्री उभी राहिली नव्हती, एवढेच काय ते प्रमाण.

2008 साली आम्ही पुणतांब्यास चांगदेवांच्या समाधीच्या दर्शनास गेलो. तेथून साकुरी जवळच. उपासनी महाराजांनी तेथे कन्यांना वेदाध्ययन आणि यज्ञकर्म यांचा अधिकार दिला आणि गोदावरीमातांनी तो वसा पुढे चालविला. आम्ही गेलो ते, कबूल करतो, स्वरातील दोष काढावयास. मंडपाच्या कडेला डोळे मिटून बसलो. उदात्त, अनुदात्त, स्वरित, सारे जागच्या जागी. अर्ध्या घटकेने दोष शोधणे थांबले. डोळे उघडले तेव्हा पुढे पांढऱ्या केसांच्या एक वृद्धा म्हणत होत्या, आणि आम्हांस ती उंबऱ्यावरची मुलगी आठवली.

घरी आल्यावर लगेच काही बदलले, असे मात्र नाही. जुनी समजूत अंगावरच्या उपरण्यासारखी नसते, काढले आणि खुंटीला टांगले. दोन-तीन वर्षे आम्ही गुरुपौर्णिमेला हे आख्यानच टाळले. दुसरी लावली, रंगली नाहीत.

गेल्या वर्षी दुसऱ्या गावच्या उत्सवात आमचे कीर्तन होते. आदल्या दिवशीचे तिचे होते. ती दुसरीकडे शिकली होती. आम्ही मागच्या खांबाशी बसून ऐकले. पूर्वरंगात तिने एक समास चुकीचा सोडविला. उत्तररंग मात्र असा, की पेटीवालाही वाजवावयाचे विसरला. भेटण्याचे धैर्य झाले नाही. घरी येऊन पत्र लिहावयास घेतले. 'चिरंजीव' लिहिले, खोडले. 'सौ.' लिहिले, तिचे लग्न झाले की नाही, हेही आम्हांस ठाऊक नव्हते. तेही खोडले. शेवटी मायन्याची जागा मोकळीच सोडली आणि खाली क्षमा मागितली.

आठ दिवसांनी उत्तर आले. वर 'तीर्थरूप' होते. कार्तिकीला पंढरीस येते, म्हणाली. तो समास तेवढा पुन्हा समजावून सांगा.