हँडल का अडते?

मुलांनो, भरधाव जाणारी मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. पण ती अगदी हळू चालवणाऱ्याकडे कधी नीट पाहिले आहे का? बाजाराच्या गर्दीतून जाताना तो हँडल सारखे थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे वळवत असतो. गाडी ज्या बाजूला कलते, त्या बाजूला हँडल वळवून तो तोल सावरतो. सायकल शिकताना तुम्हीही हेच केले असेल. वेग वाढला, की गाडी आपला तोल बराचसा आपणच सांभाळते. मग हँडल फारसे हलवावे लागत नाही. म्हणूनच हँडलातील लहानसा दोषही गाडी हळू चालताना लगेच जाणवतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात सायोटो नदीच्या काठी डब्लिन नावाचे शहर आहे. तेथून सुमारे ३० किलोमीटरवर मेरिसव्हिल हे गाव लागते. तेथे १९७९ साली होंडा कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. तो २००९ पर्यंत चालला. 'गोल्डविंग' ही मोठी मोटारसायकल तेथे अनेक वर्षे तयार होत असे. पुढे पुढे तिचे वजन ३५० किलोग्रॅमच्याही वर गेले. एवढी जड गाडी हळू चालताना कलली, तर नुसता पाय टेकून ती सावरणे कठीण! तिचे हँडल मोकळे फिरायलाच हवे. आपल्याकडच्या गाड्या हलक्या असतात, पण नियम तोच.

मग दोष ओळखायचा कसा? वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. चांगला मेकॅनिकही आधी तपासतो, मगच पाना हाती घेतो. तो सर्वांत सोप्या गोष्टीपासून सुरुवात करतो.

प्रथम तो पुढच्या चाकातील हवा पाहतो. हवा कमी असली, की टायर रस्त्यावर जास्त पसरतो आणि हँडल जड लागते. हवा भरल्यावर हँडल हलके झाले, तर काम तेथेच संपले.

तसे झाले नाही, तर तो गाडी मधल्या स्टँडवर उभी करतो. मदतनीस पुढचे चाक अधांतरी राहील अशी गाडी धरतो. मेकॅनिक हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो. एखादी केबल ताणली जात असेल, तर हँडल तेथे अडते.

हँडलाच्या खालच्या दांड्याला वर आणि खाली गोल वाट्या असतात. त्यांत पोलादी गोळ्या फिरतात. याला 'कोन सेट' म्हणतात. खड्ड्यांचे हादरे या गोळ्यांवर बसतात आणि वाट्यांत बारीक खळगे पडतात. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, म्हणून खळगेही हँडल सरळ असतानाच्या जागी पडतात. मग हँडल नेमके मध्यभागी अडखळते. असा कोन सेट बदलावाच लागतो.

हँडल कोठेही अडखळत नाही, पण सगळीकडे घट्ट फिरते, तेव्हा वरचे नट फार आवळलेले असू शकते. अशी गाडी हळू चालताना नागमोडी जाते. याउलट, पुढचे दोन्ही दांडे खालून धरून मागेपुढे ओढल्यावर खटखट होत असेल, तर कोन सेट सैल आहे असे समजावे.

मोटारसायकलीची तपासणी मोठ्या माणसांनीच करावी. तुम्ही आपली सायकल तपासा. पुढचे चाक उचलून सायकल किंचित डावीकडे कलती करा. हँडल आपोआप डावीकडे वळले, तर ते मोकळे आहे. तसेच उजवीकडेही करून पाहा.

शाळेच्या दारात, आठवडी बाजारात, अरुंद गल्लीत गाडी हळूच चालते. तेथेच तिच्या आजूबाजूला सर्वांत जास्त माणसे असतात. म्हणून घरी कोणी "हँडल जरा जड लागते," असे म्हणाले, तर त्यांना आधी चाकातील हवा पाहायला सांगा.