मासे पहाटे वर का येतात? पाण्याखालच्या बागेची देखभाल

गेल्या रमजानमध्ये एका पहाटे सहरीसाठी उठले, बैठकीच्या खोलीतला दिवा लावला, तर फिश टँकमधले सगळे मासे तोंडे वर काढून हवा गिळत होते. तीन गप्पी तळाशी मरून पडले होते. एअर पंप बंद होता. त्याच्या घरघरीने दादींना तरावीहनंतर झोप लागत नव्हती, म्हणून धाकटीने तो रात्री बंद केला होता. पोरीने सहरीच्या ताटाला हात लावला नाही. "अम्मी, मीच मारले का त्यांना?" एवढेच विचारत राहिली.

तिला खरे उत्तर द्यायचे तर आधी मलाच ते शोधावे लागले. ते पंपात कमी आणि टँकमधल्या झाडांत जास्त सापडले.

हिरवी झाडे ऑक्सिजन सोडतात हे आपण शाळेत पाठ करतो. हायड्रिलाच्या फांद्या चंचुपात्रात ठेवायच्या, वर नरसाळे पालथे घालायचे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि उन्हात ठेवले की बुडबुडे चढू लागतात. हा प्रयोग मुलांना फार आवडतो. पण तो रात्री कोणी करून पाहत नाही. अंधार पडला की प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. मग झाडेही माशांसारखीच पाण्यातला ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. रात्रभर साठा उतरत जातो आणि सगळ्यांत कमी असतो तो पहाटे. आमचा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर ५६ लिटर पाणी मावते; खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर उरते ४० ते ४५ लिटर. एवढ्या पाण्यात सतरा मासे आणि हौसेने खच्चून लावलेली झाडे! पंप आम्ही दिवसभर चालवायचो, आणि रात्री कोणाला आवाज नको म्हणून अधूनमधून बंद ठेवायचो. म्हणजे नेमके उलटे.

मुलीला मी हेच सांगितले. पंप तू बंद केलास हे खरे, पण झाडे इतकी दाट लावली ती मी, आणि मासे वाढवत नेले तुझ्या भाईजानने. आता आमच्याकडे पंप इशाच्या नमाजनंतर सुरू होतो आणि सकाळी टँकचा दिवा लागल्यावर बंद होतो. दादींसाठी पंपाखाली स्पंजचा जाड तुकडा ठेवला आहे, त्याने घरघर बरीच कमी झाली. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात उतरते. रात्री वीज गेलीच आणि मासे वर येऊ लागले, तर मगाने टँकमधले पाणी काढून हातभर उंचीवरून हळूहळू परत ओतावे. हवा मिसळते. उपाय अगदी साधा आहे, पण मासे वाचतात.

मोहल्ल्यातल्या एक खाला म्हणाल्या होत्या, जिवंत माशांना काचेत कोंडावेच कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अबू उमैर या लहान मुलाच्या पाळलेल्या चिमणीएवढ्या पाखराची आपुलकीने विचारपूस केल्याचे बुखारी शरीफमध्ये आले आहे. त्याच हदीस संग्रहात मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाल्याचेही आले आहे. पाळायला मनाई नाही, पण पाळलेला जीव अमानत आहे, असा माझ्यापुरता मी अर्थ घेतला. म्हणूनच त्या तीन गप्पींचे मनाला लागले.

झाडे आणली तेव्हाही एक घोटाळा झाला होता, तो सांगायला हवा, कारण नव्या माणसाला हमखास तिथेच ठेच लागते. दुकानदार ज्यांना 'स्टेम प्लांट' म्हणतात, म्हणजे एक सरळ देठ आणि त्याला पेरापेरावर पाने, अशा जुड्या आणल्या. दहा दिवसांत पाने काळी पडून गळू लागली. मुलांचे अब्बा म्हणाले, "फेकून दे, पाणी सडेल." दुकानदाराने पाणी खराब आहे म्हणत कसलीशी बाटली गळ्यात मारली. झाडे मेलेली नव्हतीच. यांतली बरीचशी झाडे रोपवाटिकेत मुळे ओल्यात आणि पाने हवेत ठेवून वाढवतात, तशी ती लवकर वाढतात. हवेतल्या पानावर मेणासारखा थर असतो, ते जाड असते. पाण्यात बुडाल्यावर ते पान कुचकामी ठरते. झाड त्याला सोडून देते आणि शेंड्याकडून नवी पाने काढते. ती पातळ असतात, आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आपल्या साऱ्या अंगाने शोषतात. वॉटर विस्टेरियाचे तर रूपच पालटते. हवेत त्याचे पान साधे, दातेरी कडांचे असते. पाण्याखाली येते ते जाळीदार, कोथिंबिरीच्या पाल्यासारखे. या बदलाला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर कुजलेली पाने रोज काढत राहायची, देठ मात्र उपटायचा नाही. देठ टणक आहे आणि शेंडा हिरवा आहे, तोवर झाड जिवंत आहे.

लावायची रीत उसाच्या लागणीची आठवण करून देते. उसाच्या कांडीला जसा डोळा, तसे इथे पेर. मुळे आणि फुटवे तिथूनच येतात. जुडीचा रबर किंवा शिशाची पट्टी आधी काढून टाकावी. जुडी तशीच खोचली तर मधले देठ कुजतात. खालच्या दोन पेरांची पाने खुडावीत आणि एकेक देठ लांब चिमट्याने दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर खडीत रोवावा. खडी बारीक, दोन-तीन मिलिमीटरची, आणि थर दोन ते अडीच इंच असावा. देठ पहिल्या दिवशी वर तरंगतात, पुन्हा रोवायचे. सबर लागतो.

दिवा सहा ते आठ तास पुरे. आम्ही हौसेने बारा तास लावायचो, आणि काचेवर हिरवे शेवाळ चढायचे. घरातले सगळे या झाडांनाही शेवाळच म्हणतात, पण दोन्ही वेगळी. झाडे जोमात असली तर तीच शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. टँक खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नये.

छाटणी हा यातला सगळ्यांत आनंदाचा भाग. देठ पाण्याच्या वरपर्यंत पोहोचले की खाली सावली पडते, खालची पाने झडतात आणि वर झाडी, खाली काड्या असे दृश्य होते. मग धारदार कात्रीने पेराच्या जरा वर कापायचे. राहिलेल्या बुंध्याला सहसा दोन फुटवे येतात, कापलेला शेंडा नव्याने रोवायचा. बुंधा फारच जुना, उघडा झाला असेल तर तो काढून टाकून शेंडेच लावावेत. आमच्या त्या पहाटेच्या प्रकारानंतर मी एकतृतीयांश देठ काढून टाकले. पाणी खेळू लागले आणि उरलेली झाडे उलट जास्त बहरली.

खत फारसे लागत नाही. माशांच्या विष्ठेतून नत्र आणि स्फुरद मिळते. कमी पडते ते बहुधा पालाश आणि लोह. जुन्या पानांना टाचणीएवढी भोके पडली तर पालाश कमी, कोवळी पाने पिवळी पडली तर लोह कमी, असा ढोबळ हिशेब ठेवावा. मासा आजारी पडला की काहीजण टँकमध्ये सरळ जाड मीठ टाकायला सांगतात. नाजूक झाडांना ते मानवत नाही, आणि तांबे असलेले औषध तर मुळीच नाही. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवावे.

कोणती झाडे घ्यावीत? हायग्रोफिला, वॉटर विस्टेरिया, लिम्नोफिला, साधा गोल पानांचा रोटाला. ही आपल्याच मुलखाच्या पाणथळीतली, चिवट. ज्या ब्राह्मीच्या तेलाने दादी-नानी डोके चोळून देत त्यातली नीरब्राह्मी, म्हणजे दुकानातला बॅकोपा, तीही पाण्याखाली छान जगते, फक्त हळू वाढते. लाल पानांचा रोटाला मॅक्रँड्रा दक्षिण भारतातला असूनही घरच्या टँकमध्ये रुसतो. त्याला भरपूर उजेड आणि वेगळा कार्बन डायऑक्साइड लागतो, सुरुवातीला त्याच्या नादी लागू नये. गोल्डफिश असतील तर मऊ पाल्याची आशा सोडावी. ते तो खाऊन टाकतात.

दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलतो. नळाचे पाणी बादलीत रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन बराचसा उडून जातो. काढलेले पाणी मोरीत ओतणे म्हणजे इसराफ. ते पुदिना आणि मोगऱ्याला घालतो, आणि पुदिना त्यावर खूश आहे.

छाटलेला पाला मात्र नाल्यात, विहिरीत, तळ्यात टाकू नये. अमेरिकेतल्या फ्लोरिडात आपली हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयासाठी गेली आणि तिथले जलमार्ग तिने तुंबवले. उलट दिशेने आलेला कॅबोम्बा २०२० मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात ओढ्याच्या पाण्यावर गुलाबी फुलला, तेव्हा लोक फोटो काढायला लोटले. मूळचे झाड दक्षिण अमेरिकेतले, पाणी अडवणारे. एका पेराचा तुकडाही पुरतो. पाला वाळवून कुंडीत टाका, नाहीतर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून शेजाऱ्यांना द्या. आमच्या गल्लीत आता चार टँक झाले आहेत.

त्या पहाटे वाचलेल्या एका मादीने मध्यंतरी पिल्ले दिली. गप्पी आपलीच पिल्ले खातात, म्हणून लिम्नोफिलाचा एक कोपरा मी मुद्दाम दाट ठेवला आहे. धाकटी रोज पंप लावून झाला की तिथे नाक टेकवून मोजते. काल तिने अकरा मोजली. मला नऊच दिसली.